गर्दीचा नाद बांधणारा स्थपती

सप्टेंबर १९७८ मध्ये ग्रीसमधल्या मायसिनीच्या प्राचीन अवशेषांवर एक अजब सोहळा झाला. भोवतालच्या डोंगरांवर जाळ पेटले होते. मुलं मशाली घेऊन चालत होती. गळ्यात घंटा आणि अंगावर दिवे बांधलेला शेळ्यांचा कळप काळोखातून फिरत होता. शत्रूची विमानं हेरण्यासाठी वापरतात ते लष्कराचे प्रखर झोत आकाश कापत होते, आणि स्पीकरमधून येणारे आवाज तीन हजारांहून अधिक वर्षांच्या दगडांवर आदळत होते. हजारो लोक हे पाहायला जमले होते.

या सगळ्याची आखणी करणारा माणूस ५६ वर्षांचा होता. त्याला डावा डोळा नव्हता आणि चेहऱ्याच्या त्या बाजूला खोल व्रण होता. तीसेक वर्षांपूर्वी याच देशाने त्याला त्याच्या गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला होता. आता त्याच देशाच्या लष्कराने त्याच्या कलाकृतीसाठी झोत पुरवले होते.

त्याचं नाव यानिस झेनाकिस. इलेक्ट्रोअकूस्टिक संगीत, म्हणजे टेप, स्पीकर आणि संगणक यांच्या साहाय्याने घडवलेलं संगीत, ज्यांनी उभं केलं त्यांच्यात तो पहिल्या रांगेत बसतो. तो इंजिनिअर होता, वास्तुरचनाकार होता, आणि लेझर, आरसे, फ्लॅश व ध्वनी यांची प्रचंड दृश्यनाट्यं उभारणारा कलावंतही होता. ‘गणिती संगीतकार’ अशी त्याची ओळख पुस्तकांतून करून दिली जाते आणि वाचक तिथेच बिचकतो. पण त्या गणिताच्या तळाशी रस्त्यावर उतरलेल्या माणसांचा आवाज आहे. तो एकदा कानी पडला, की पुढची आकडेमोड परकी वाटत नाही.

अथेन्सचा रस्ता

झेनाकिसचा जन्म १९२२ चा, रुमानियातल्या ब्राइला या डॅन्यूबकाठच्या बंदरातला. घर ग्रीक व्यापाऱ्याचं. आई पियानो वाजवायची. तो पाच वर्षांचा असताना ती गेली. दहाव्या वर्षी त्याला ग्रीसमधल्या स्पेत्सेस बेटावरच्या निवासी शाळेत धाडलं. पुढे अथेन्सच्या पॉलिटेक्निकमध्ये स्थापत्य अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, आणि २८ ऑक्टोबर १९४० रोजी इटलीने ग्रीसवर हल्ला केला. त्यानंतर जर्मन आले, उपासमार आली. झेनाकिस प्रतिकाराच्या चळवळीत उतरला, मोर्च्यांत चालला, पुढे हातात बंदूकही घेतली.

त्या मोर्च्यांचं वर्णन त्याने नंतर आपल्या सैद्धांतिक लेखनात केलं. हजारो कंठ एका लयीत एक घोषणा देतात. मोर्च्याच्या पुढच्या टोकाला नवी घोषणा उठते आणि लाटेसारखी मागे सरकत जाते; काही काळ दोन्ही घोषणा एकमेकींत मिसळलेल्या असतात. आषाढी वारीत दिंडीच्या पुढच्या टोकाला गजर बदलला, की तो बदल मागपर्यंत कसा झिरपत जातो हे ज्याने ऐकलं आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. अथेन्समध्ये मात्र पुढे बंदुका होत्या. गोळीबार सुरू झाला की लय फुटायची, तिच्या जागी किंकाळ्या आणि गोळ्यांचे सुटे आवाज विखुरायचे, आणि मग सगळं थंडावायचं. हा तरुण त्या गर्दीत जिवावर उदार होऊन उभा होता, आणि तरीही त्याच्यातला ऐकणारा जागा होता. शिस्तीतून गोंधळाकडे जाणारी ती वाट त्याच्या कानांनी कायमची टिपून ठेवली.

जर्मन गेल्यावर डिसेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश फौजा आणि डावे प्रतिकारक यांच्यात अथेन्सच्या गल्ल्यांमध्ये लढाई जुंपली. नव्या वर्षाच्या तोंडावर ब्रिटिश रणगाड्याच्या तोफगोळ्याचा तुकडा झेनाकिसच्या चेहऱ्यावर बसला. डावा गाल आणि जबडा फुटला, डोळा गेला. तो वाचला, शिकत राहिला, १९४७ मध्ये पदवी घेतली. मग डाव्यांची धरपकड सुरू झाली. खोट्या पासपोर्टवर तो इटलीमार्गे निसटला आणि नोव्हेंबरमध्ये पॅरिसला पोहोचला. पुढची सत्तावीस वर्षं, ग्रीसमधली लष्करी राजवट कोसळेपर्यंत, त्याला मायदेशी पाऊल टाकता आलं नाही. जिवंत राहिल्याचा अपराधभाव त्याला आयुष्यभर छळत राहिला. आपण काहीतरी मोठं केलं तरच या वाचण्याला अर्थ आहे, असं तो मुलाखतींतून पुनःपुन्हा सांगत असे.

एक ऑफिस, एक वर्ग

पॅरिसमध्ये निर्वासित इंजिनिअरला काम मिळालं ते वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएच्या ऑफिसात. आधी काँक्रीटची आकडेमोड, मग हळूहळू रेखाटन आणि रचना. चंडीगढच्या सरकारी इमारतींचं काम याच ऑफिसात चाललं होतं आणि त्यात झेनाकिसचाही हात होता. लियोंजवळच्या ला तुरेत या मठासाठी त्याने काचेच्या भिंतींची एक नवी तऱ्हा काढली. काँक्रीटच्या उभ्या पट्ट्यांमधलं अंतर कुठे दाट, कुठे विरळ ठेवायचं, म्हणजे भिंतीवरून नजर फिरताना एक लय जाणवते. कान असलेल्या माणसानेच काढावी अशी ही भिंत आहे. तशा काचरचना चंडीगढमध्येही वापरल्या गेल्या. आपल्या देशातल्या एका राजधानीत या संगीतकाराच्या लयविचाराचा अंश उभा आहे, आणि त्या इमारतींत रोज फाइली घेऊन ये-जा करणाऱ्यांना त्याचं नावही माहीत नसेल.

संगीत शिकायची तहान मात्र भागत नव्हती. आर्थर ओनेगरसारख्या नामवंत संगीतकाराने त्याच्या वहीतले समांतर पंचम दाखवून ‘हे नियमात बसत नाही’ असं सुनावलं. झेनाकिस उठून निघाला. १९५१ मध्ये तो संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँकडे गेला. हार्मनी आणि काउंटरपॉइंट पहिल्यापासून शिकू का, असं त्याने विचारलं. मेसियाँने नकार दिला. तू तिशीला आलास, ग्रीक आहेस, स्थापत्य जाणतोस, गणित शिकला आहेस. तेच घेऊन संगीतात ये, अशा अर्थाचा सल्ला त्याने दिला. एका शिक्षकाने विद्यार्थ्याला इतकं अचूक ओळखावं, याची उदाहरणं फार थोडी.

मेसियाँच्या त्या वर्गाला मराठी मुलखाचं एक जुनं देणं आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघण राजाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातली १२० देशी तालांची यादी एका फ्रेंच संगीतकोशात छापली गेली होती, ती मेसियाँच्या हाती लागली आणि त्याच्या लयविचाराचा कणा बनली. आपल्या रचनांत त्याने ते ताल वापरले, विद्यार्थ्यांनाही शिकवले. दौलताबादच्या किल्ल्याखाली मांडलेला हिशेब सातशे वर्षांनी पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत फळ्यावर लिहिला जात होता, आणि त्या वर्गात झेनाकिस बसलेला होता.

सरळ रेषांतून वळण

१९५४ मध्ये पुरी झालेली ‘मेटास्टासिस’ ही त्याची पहिली मोठी रचना. ती टेपवरची नाही, ऑर्केस्ट्राची आहे; पण पुढचं सगळं तिच्यात बीजरूपाने आहे. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात सोळा-सोळा व्हायोलिनवादक एकच ओळ वाजवतात. झेनाकिसने सेहेचाळीस तंतुवादकांना सेहेचाळीस वेगळ्या ओळी दिल्या. सुरुवातीला सगळे एकाच स्वरावर असतात. मग प्रत्येक जण आपापल्या वेगाने मींड घेत सुटतो, कोणी वर, कोणी खाली, आणि एका बिंदूतून ध्वनीचा पंखा उघडत जातो.

यातल्या काही भागांचं रेखाटन आलेखाच्या कागदावर आहे. आडवा अक्ष काळाचा, उभा अक्ष स्वराच्या उंचीचा. प्रत्येक वादकाची मींड म्हणजे एक सरळ रेघ. अशा अनेक तिरप्या रेघा शेजारी शेजारी आल्या, की कागदावर वळणदार पृष्ठभाग दिसू लागतो. एकही रेघ वाकडी नसताना. संगीतकाराची वही आणि इंजिनिअरचा नकाशा यांत फरक उरत नाही. १९५५ मध्ये जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनच्या महोत्सवात ही रचना पहिल्यांदा वाजली तेव्हा सभागृहात खळबळ उडाली.

पुढच्या ‘पिथोप्राक्टा’ या रचनेत त्याने वायूच्या रेणूंचं गणित वापरलं. एखादा रेणू कुठे जाईल हे सांगता येत नाही, पण कोट्यवधी रेणूंचा मिळून दाब आणि तापमान किती हे नेमकं सांगता येतं. झेनाकिसने प्रत्येक मींडीचा वेग रेणूच्या वेगासारखा मानला आणि असे हजाराहून अधिक वेग संभाव्यतेच्या सूत्राने वाटून दिले. गारांचा मारा, उन्हाळ्यातल्या शेतातला किड्यांचा गजर, अथेन्सचा मोर्चा, यांत एकेका गारेला, किड्याला, घोषणेला वेगळं महत्त्व नसतं. सगळ्यांचा मिळून एक देह होतो. युरोपातलं त्या काळचं प्रतिष्ठित संगीत एकेका स्वराला क्रमांक देऊन ओळीत बसवत होतं. त्यावर झेनाकिसचा आक्षेप होता : इतक्या गुंतागुंतीत ऐकणाऱ्याला क्रम ऐकूच येत नाही, त्याला फक्त ढग ऐकू येतो. मग ढगच रचूया.

धगधगता कोळसा

१९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात फिलिप्स कंपनीला आपल्या ध्वनी-प्रकाश तंत्राची कमाल दाखवायची होती. काम कॉर्बुझिएकडे आलं. तो चंडीगढच्या व्यापात होता. दालनाची रचना त्याने झेनाकिसवर सोपवली. झेनाकिसने ‘मेटास्टासिस’मधल्या त्या सरळ रेघा काढल्या आणि काँक्रीटमध्ये उभ्या केल्या. जेमतेम पाच सेंटिमीटर जाडीचे, साच्यात ओतलेले तुकडे पोलादी तारांनी ताणून धरलेले. तंबूसारखी टोकं आभाळात घुसलेली. आत सरळ भिंत अशी नाहीच. श्रेयाचा प्रश्न आला तेव्हा कॉर्बुझिए आधी एकट्याचं नाव लावू पाहत होता. झेनाकिसने आपला हक्क सोडला नाही आणि अखेर त्याचं नाव लागलं. पुढच्याच वर्षी त्याचं आणि त्या ऑफिसचं नातं संपलं.

दालनाच्या आतल्या भिंतींवर साडेतीनशेहून अधिक स्पीकर बसवले होते. मुख्य कार्यक्रम संगीतकार एदगार वारेजच्या आठ मिनिटांच्या टेप-रचनेचा होता. एक जथा बाहेर पडताना आणि दुसरा आत येताना मधल्या वेळात वाजायला झेनाकिसने पावणेतीन मिनिटांची ‘काँक्रे पीएच’ केली. तिचा कच्चा माल म्हणजे जळत्या कोळशाची तडतड. बाकी काहीच नाही.

त्याने काम कसं केलं ते पाहण्यासारखं आहे. त्या वेळी पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफरचा गट ध्वनिमुद्रित आवाजांपासून संगीत घडवत होता. झेनाकिस तिथे येत-जात होता. साधनं म्हणजे टेपरेकॉर्डर, ब्लेड आणि चिकटपट्टी. कोळशाच्या एकेका तडतडीचे बारीक तुकडे कापायचे. टेपचा वेग बदलून त्यांची उंची बदलायची. ते तुकडे जोडून लांब पट्टी करायची आणि अशा पट्ट्यांचे थरावर थर चढवायचे. कुठे दाट, कुठे विरळ, एवढाच निर्णय संगीतकाराचा. पण तो निर्णय फार मोठा आहे. ऐकताना आधी काच फुटल्यासारखं वाटतं, मग पाऊस, मग हे काय आहे असा प्रश्नच पडत नाही. चुलीत रोज ऐकू येणारा आवाज एक अवकाश व्यापून उभा राहतो. त्याला ताल नाही, सूर नाही, तरीही तो क्षणभर विस्कळीत वाटत नाही.

१९५९ च्या सुरुवातीला ते दालन पाडून टाकलं. पावणेतीन मिनिटांची टेप उरली.

१९६२ च्या ‘बोहोर’मध्ये त्याने लाओसचं तोंडाने वाजवायचं वाद्य आणि दागिन्यांचा किणकिणाट घेऊन वीसेक मिनिटांची एक घनगंभीर भिंत उभी केली. रचना त्याने शेफरला अर्पण केली; शेफरला ती मुळीच आवडली नाही. त्याच वर्षी पॅरिसमधल्या आयबीएमच्या ७०९० या संगणकावर त्याने आपली सूत्रं चालवली आणि निघालेल्या आकड्यांतून वाद्यवृंदासाठी रचना केल्या. संगीतासाठी संगणक वापरणाऱ्या पहिल्या पिढीत त्याचं स्थान पक्कं झालं.

प्रकाशाचे स्वर

ब्रसेल्समध्ये प्रकाश आणि ध्वनी यांची मोट बांधली गेली ती कॉर्बुझिए आणि वारेज यांच्या कल्पनेने. झेनाकिसला दोन्ही एकाच हाताने रचायचं होतं. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनात फ्रान्सच्या दालनात त्याने पोलादी तारांचं प्रचंड जाळं ताणलं आणि त्यावर १२०० फ्लॅश बसवले. या प्रकाराला त्याने ‘पॉलिटोप’ असं नाव दिलं. १९७२ मध्ये पॅरिसमधल्या क्लुनीच्या रोमन स्नानगृहात ६०० फ्लॅश, तीन लेझर आणि आरशांची रांग आली. प्रत्येक दिव्याने सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पेटायचं की विझायचं, याचे हुकूम टेपवर नोंदवलेले. लेझर तेव्हा प्रयोगशाळेतली वस्तू होती. तरुण मंडळी जमिनीवर आडवी पडून हे अनुभवत आणि पुन्हा रांगेत येऊन उभी राहत.

या मालिकेचं शिखर म्हणजे १९७८ चं ‘दियातोप’. पॅरिसच्या पाँपिदू केंद्रासमोर लाल व्हिनाइलचा तंबू, सोळाशेहून अधिक फ्लॅश, चार लेझर, ४०० आरसे आणि ‘ला लेजाँद द एर’ ही पाऊण तासाची टेप-रचना. तिचा संदर्भ प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या शेवटी येणाऱ्या कथेचा. एर नावाचा योद्धा रणांगणावर मरतो, बाराव्या दिवशी चितेवर जागा होतो आणि पलीकडे काय पाहिलं ते सांगतो. अथेन्सच्या गल्लीत पडलेला बावीस वर्षांचा मुलगा आणि हा एर यांच्यातलं नातं लपण्यासारखं नाही. रचना उंच शिट्ट्यांनी सुरू होते आणि हळूहळू एका अजस्र गडगडाटात शिरते. ही सुंदर आहे का, हा प्रश्न ऐकताना लहान वाटू लागतो. तो तंबूही आता कुठे नाही.

पर्सेपोलिसचा डाग

झेनाकिसवर प्रेम करणाऱ्यानेही टाळू नये असं एक प्रकरण आहे. १९६७-६८ मध्ये त्याने बारा आवाजांसाठी ‘न्वी’ ही रचना केली आणि ती विस्मृतीत गेलेल्या राजकीय कैद्यांना अर्पण केली. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९७१ मध्ये, त्याने इराणच्या शाहच्या राजवटीने भरवलेल्या शिराझ महोत्सवासाठी दारियसच्या राजवाड्याच्या अवशेषांत ‘पर्सेपोलिस’ सादर केली. आठ ट्रॅकची, जवळजवळ तासाभराची टेप, डोंगरावर जाळ, लेझर, आणि मशाली घेऊन राजांच्या कबरींकडे चढत जाणारी मुलं. शाहच्या तुरुंगांतही राजकीय कैदी होते. युरोपातून टीका झाली. अलेक्झांडरने जाळलेल्या नगरीत पुन्हा आग कशाला, असंही काही इराणींना वाटलं.

माझ्या मते ही टीका रास्त होती. आपण कोणाच्या ओट्यावर दिवे लावतो आहोत, हे त्याने आधी विचारायला हवं होतं. स्वतः निर्वासित असल्यामुळे तर अधिकच. आणि तरीही, ती टेप त्या राजवटीची उरली नाही. शाह गेला, महोत्सव संपला, आणि आज ‘पर्सेपोलिस’ ऐकताना कानी पडतो तो घासला जाणारा धातू, वारा आणि खाली कुठेतरी चाललेली माणसांची प्रचंड हालचाल. कलावंताचा निर्णय चुकू शकतो आणि कृती खरी असू शकते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य कराव्या लागतात.

रेघ ओढा, ऐका

झेनाकिसने उभारलेल्या संशोधन केंद्रात १९७७ च्या सुमारास एक यंत्र तयार झालं. त्याचं नाव यूपीआयसी, म्हणजे यूपिक. आर्किटेक्टच्या टेबलासारखा मोठा फलक आणि एक विद्युतचुंबकीय पेन. डावीकडून उजवीकडे काळ, खालून वर स्वराची उंची. तुम्ही रेघ ओढता, संगणक ती वाजवून दाखवतो. आडवी रेघ म्हणजे स्थिर स्वर, तिरपी रेघ म्हणजे मींड, फांद्या फुटलेलं झाड काढलं तर फांद्या फुटणारा आवाज. ‘मेटास्टासिस’साठी कागदावर आखून मग महिनोन्‌महिने स्वरलिपीत उतरवावं लागलेलं काम आता ओढलेल्या रेघेतून थेट ऐकू येत होतं. या यंत्रावरची त्याची पहिली रचना ‘मिसेन आल्फा’ त्या १९७८ च्या मायसिनीच्या रात्रींत वाजली.

मला त्याच्या सगळ्या कामात हे यंत्र सर्वांत मोलाचं वाटतं, कारण त्याने ते स्वतःपुरतं ठेवलं नाही. मुलांना, स्वरलिपी न येणाऱ्या मोठ्या माणसांना त्याने त्या फलकासमोर बसवलं. स्टाफ नोटेशन वाचता येत नाही म्हणून संगीत रचता येऊ नये, हे त्याला मान्य नव्हतं. ओनेगरने त्याला दाखवलेलं दार त्याने दुसऱ्या कोणाला दाखवलं नाही. त्याच कल्पनेवरचं यूपीआयस्केच हे ॲप आज मोबाइल-टॅब्लेटवर मिळतं.

१९९० च्या दशकात त्याने संभाव्यतेच्या सूत्रांतून ध्वनिलहरच घडवणारा प्रोग्रॅम लिहिला. मुद्रित आवाज नाही, वाद्य नाही. लहरीचा प्रत्येक वळसा गणितातून आलेला. मग स्मृती दगा देऊ लागली. १९९७ मध्ये शेवटची रचना झाली, ४ फेब्रुवारी २००१ रोजी पॅरिसमध्ये तो गेला. २०२२ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त पॅरिसच्या फिलहार्मनीत मोठं प्रदर्शन भरलं.

त्याच्या प्रकाशनाट्यांपैकी आज एकही मूळ रूपात उभं नाही. आपल्यापर्यंत पोहोचतो तो फक्त आवाज, आणि तो इंटरनेटवर सहज ऐकता येतो. ज्यांच्या कानाला तबला-पखवाजाची सवय आहे त्यांनी १९७५ च्या ‘प्साफा’पासून सुरुवात करावी. एकटा तालवादक, वाद्यं त्याने स्वतः निवडायची, आणि ठोक्यांची अशी बांधणी की शेवटापर्यंत श्वास मोकळा होत नाही. मग ‘मेटास्टासिस’, मग चांगल्या हेडफोनवर ‘काँक्रे पीएच’. ‘ला लेजाँद द एर’ला पाऊण तास राखून ठेवावा, आवाज मात्र बेताचा, कारण तो कान सांभाळून ऐकण्याचा ऐवज आहे. चाल शोधू नये, दाटी कुठे वाढते आणि कुठे ओसरते तेवढं ऐकावं. पहिल्यांदा नाही जमलं तर आठवड्याने पुन्हा.

गणिताने भावना कोरडी होते हा समज झेनाकिसने खोटा ठरवला. हजारो माणसांचा एकत्रित आवाज कोणत्याही राजाच्या स्तुतिगीतापेक्षा मोठा असतो आणि तो रचता येतो, हे त्याने दाखवून दिलं. विसाव्या शतकाने संगीताला दिलेल्या मोजक्या नव्या गोष्टींत ही एक आहे, आणि ती ऐकण्यासाठी गणित येण्याची काहीच गरज नाही.